पेटीतल्या पटाशीला गंज का चढतो?

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना समोरच्या रुळाकडे एकदा नीट पाहावे. रुळाचा माथा चांदीसारखा लखलखीत असतो आणि त्याच रुळाची बाजू तपकिरी, खरबरीत. पोलाद एकच. पाऊसही दोन्हींवर तोच, उलट माथ्यावर थोडा जास्तच. तरी गंज बाजूला चढतो, माथ्यावर नाही. आणि यार्डातल्या ज्या रुळावरून महिनोन्‌महिने गाडी गेलेली नसते, तिथे माथाही बाजूइतकाच तपकिरी झालेला दिसतो.

हेच कोडे घरातही असते. रोजच्या वापरातल्या हातोड्याला घाम लागतो, सिमेंट लागते, तो पावसात सायकलच्या कॅरिअरवर भिजतो, पण त्याचे तोंड चकचकीत राहते. दिवाळीत हौसेने घेतलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली पटाशी मात्र ऑगस्टमध्ये बाहेर काढली की लाल डागांनी भरलेली निघते. तिने पावसाचा एक थेंबही पाहिलेला नसतो.

या तीन शहरांत असे कोडे पडलेली घरे पुष्कळ आहेत. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. तिथून निवृत्त झालेल्या कारागिरांच्या घरी त्यांची स्वतःची हत्यारपेटी असते. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत फिटर, टर्नर, वेल्डर आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला ऑगस्ट १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या बराकींच्या आसपास वाढलेल्या छोट्या कारखान्यांत आणि फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत आजही रंधा, करवत आणि पटाशी चालते. बदलापूरच्या भोवतालच्या गावांत विळे, कोयते, कुऱ्हाडी आहेत. हवा मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखीच दमट आहे.

पाऊस नव्हे, पाण्याचा पापुद्रा

शाळेतला तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. एका नळीत साधे पाणी आणि खिळा. दुसऱ्या नळीत उकळून हवा काढलेले पाणी, त्यावर तेलाचा थर आणि खिळा. तिसरीत ओलावा शोषणारे रसायन आणि कोरडी हवा. गंज फक्त पहिल्या नळीत चढतो. गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, एवढे त्यातून कळते. पण पाणी किती लागते, हे तो प्रयोग सांगत नाही, आणि हत्यारे सांभाळणाऱ्याला नेमके तेच कळायला हवे.

लोखंडावर पाण्याचा पातळ थर बसला की त्याच्याखाली विजेचा एक छोटा सेल तयार होतो. हे अलंकारिक बोलणे नाही, तिथे खरोखर वीज वाहते. लोखंडाचा पृष्ठभाग सगळीकडे एकसारखा नसतो. कुठे ओरखडा असतो, कुठे मळ, कुठे धातूचे कण थोडे वेगळे. एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन लोखंडातूनच दुसऱ्या जागी पोहोचतात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना पकडतो. पाणी या दोन जागांना जोडते आणि मंडल पूर्ण होते. पाण्यात उतरलेल्या लोखंडाची ऑक्सिजनशी आणि पाण्याशी पुढे अभिक्रिया होऊन तांबूस भुकटी बनते. तो गंज.

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात याचा एक साधा प्रयोग केला, तो घरीही करून पाहता येतो. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. काही वेळाने थेंबात गंजाचे एक कडे दिसते. पण लोखंड खाल्ले जाते ते कड्याखाली नव्हे, थेंबाच्या मध्यभागी. थेंबाच्या कडेला पाणी पातळ असल्याने तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो. मध्यभागी तो कमी पडतो आणि तिथलेच लोखंड झिजते. म्हणजे जिथे हवा कमी, तिथे खड्डा. पकडीच्या सांध्यात, रंध्याच्या पात्यावर चिकटलेल्या भुशाखाली, ओल्या फडक्याखाली, मळाच्या थराखाली आधी खड्डे का पडतात, याचे उत्तर त्या एका थेंबात आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या समजुतीच्या उलट आहे. खोल, संथ पाण्यात बुडालेल्या लोखंडापेक्षा दमट हवेत अतिपातळ ओल धरलेले लोखंड जास्त वेगाने गंजू शकते. थर पातळ असला की ऑक्सिजनला लोखंडापर्यंत यायला वाट छोटी पडते. म्हणून डोळ्यांना न दिसणारी ओल ही बादलीभर पाण्यापेक्षा हत्यारांची मोठी शत्रू आहे. पूल आणि मनोरे बांधणारे अभियंतेही एखाद्या गावची हवा लोखंडाला किती मारक आहे हे ठरवताना नुसता पाऊस मोजत नाहीत. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात ‘ओलेपणाचा काळ’ धरला आहे: तापमान शून्य अंशाच्या वर आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असे वर्षात किती तास असतात. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत आपल्या पट्ट्यात असे तास रोज साठत जातात.

बंद पेटीत पाणी आले कुठून?

फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिच्यावर पाणी जमते. ते बाटलीतून झिरपलेले नसते. गार पृष्ठभागाजवळची हवा गार होते, तिच्यात वाफ मावेनाशी होते आणि जास्तीची वाफ पाणी होऊन बसते. ज्या तापमानाला हे घडू लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. फरक किती लागतो, हे आकड्यात पाहिले की धक्का बसतो. हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर असतो. हत्यार हवेपेक्षा फक्त तीन अंशांनी गार असले तरी त्यावर पाणी धरणार.

आता गॅलरीत ठेवलेली पत्र्याची पेटी डोळ्यांपुढे आणा. रात्री पत्रा उघड्या आकाशाखाली भराभर गार होतो आणि आतले लोखंडही गार पडते. सकाळी ऊन येते, हवा लगेच तापते, पण जाडजूड लोखंडाला तापायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात पेटीच्या फटींतून आलेली ऊबदार दमट हवा त्याला स्पर्श करते आणि पाणी सोडते. झाकणाची फट जेमतेम सुरी जाईल एवढी असली तरी वाफेला ती पुरते. पेटी बंद असल्याचा फायदा तर होत नाहीच, उलट आत आलेले पाणी वाळायला वारा मिळत नाही. बदलापूर समुद्रापासून आत आहे, म्हणून तिथे मुंबईपेक्षा उन्हाळ्यात दुपार जास्त तापते आणि हिवाळ्यात पहाट जास्त गार होते. त्यामुळे पावसाळा संपल्यावरही दवाचा हा खेळ थांबत नाही.

ज्या वर्तमानपत्रात पटाशी गुंडाळली, तेही दोषी आहे. कागद आणि पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतात आणि लोखंडाला चिकटून बसतात. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड यांच्या चिकटवणीतून व लाकडातून आम्लाची सूक्ष्म वाफ सुटत राहते. फर्निचरवाल्यांच्या गल्लीत प्लायच्या तुकड्यांची पेटी फुकटात बनते, पण बंद पेटीत हत्याराला ती मानवत नाही. सिमेंटच्या जमिनीवर थेट ठेवलेली पेटी खालून ओल घेते. दोन पट्ट्या घालून ती चार बोटे उचलली तरी फरक पडतो.

आता हवेतल्या इतर पाहुण्यांकडे वळू. ब्रिटिश संशोधक डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की अगदी स्वच्छ हवेत आर्द्रता वाढली तरी लोखंड हळूहळूच गंजते. पण त्याच हवेत सल्फर डायऑक्साइडचा अंश मिसळला की आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे जाताच गंजण्याचा वेग एकदम उसळतो. हा वायू गंधकयुक्त इंधन जळताना निघतो. बॉयलर, डिझेलची वाहने, कोळसा आणि भट्ट्या असलेल्या कोणत्याही औद्योगिक पट्ट्यात तो कमीअधिक असतोच, आणि ६० टक्के आर्द्रता तर आपल्याकडे पावसाळ्यात जवळजवळ अष्टौप्रहर असते.

पण कारखान्याकडे बोट दाखवण्याआधी घरातला माळा पाहावा. संडास साफ करण्याच्या बहुतेक बाटल्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. झाकण घट्ट लावले तरी त्याची थोडी वाफ सुटते. त्याच माळ्यावर हत्यारपेटी असेल, तर महिन्या-दोन महिन्यांत सगळ्या हत्यारांवर एकसारखा बारीक लाल पडदा चढतो आणि मालकाला कारण सापडत नाही. कपड्यांच्या ब्लीचचेही तसेच. घरातली हत्यारे गंजण्याचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे असे मला वाटते, आणि ते टाळायला दमडीही लागत नाही: बाटली एका खोलीत, पेटी दुसऱ्या खोलीत.

शेवटचा पाहुणा आपला स्वतःचा हात. घामात मीठ असते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते सगळ्यांनी पाहिले आहे. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि आपल्या साध्या मिठातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांना तर त्याहून कमी आर्द्रता पुरते. बोटाचा ठसा म्हणजे मिठाची नक्षी. जुलैमध्ये तो ठसा स्वतःच पाणी खेचतो आणि दिवसरात्र ओला राहतो, तेही दव पडण्याची वाट न पाहता. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून सेल जोरात चालतो. एखाद्याचा घाम इतरांपेक्षा जास्त खारट असतो. त्याने हाताळलेला मायक्रोमीटर दुसऱ्या दिवशी डागाळतो, हे मशीन शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

गंजावर गंज

ॲल्युमिनियमही हवेत ऑक्साइडचा थर धरते, पण तो थर इतका घट्ट असतो की आतला धातू सुरक्षित राहतो. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्याचा न दिसणारा ऑक्साइड हेच काम करतो आणि ओरखडा पडला तर पुन्हा भरून निघतो. लोखंडाच्या गंजाला हा गुण नाही. भिजलेली घोंगडी अंगावर तशीच ठेवली तर ऊब देण्याऐवजी ती गारठवते. गंजाचा थर लोखंडावर तसाच बसतो. तो भुसभुशीत असतो, छिद्राछिद्रांत पाणी धरून ठेवतो, मीठ साठवतो, आणि त्याच्या खाली सेल चालूच राहतो. म्हणून ‘थोडा गंज आहे, नंतर बघू’ हे धोरण महाग पडते. कोरड्या फडक्याने पुसून जाणारा डाग आठवड्याने एमरी पेपर मागतो आणि महिन्याने खड्डा ठेवून जातो.

ज्या लोखंडापासून गंज बनला, त्याच्यापेक्षा तो कितीतरी जास्त जागा व्यापतो, काही प्रकार तर सहापटीपर्यंत. पकडीचा सांधा जाम होतो तो यामुळे. जुन्या इमारतींच्या गॅलरीखालचे प्लास्टर फुगून सळ्या उघड्या पडतात, त्यातही हेच बळ असते: आतली सळी गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. अनेक पान्यांवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे कोरलेले असते आणि घेणाऱ्याला वाटते की हे गंजायचे नाही. त्या पोलादात क्रोमियम साधारण एक टक्का असते, तेही कणखरपणासाठी. पाना टिकतो तो वरच्या मुलाम्यामुळे. मुलाम्याला चीर पडली की तिच्यातून पाणी आत शिरते आणि पापुद्रे सुटू लागतात.

रुळाचा माथा आणि हातोड्याचे तोंड यांचे उत्तर आता सरळ आहे. चाकाचा प्रत्येक फेरा आणि हातोड्याचा प्रत्येक घाव कोवळा गंज आणि ओल दोन्ही खरवडून टाकतो. घोंगडी तिथे बसूच शकत नाही. म्हणजे पेटीतल्या हत्याराला जे घर्षणाने मिळत नाही, ते आपल्या हाताने द्यायचे आहे.

तेल: कोणते आणि केव्हा

तेलाचे काम पाण्याला लोखंडापर्यंत येऊ न देणे एवढेच. पण घामावर तेल फासले तर मीठ तेलाखाली कोंडले जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ओल्या, पिळलेल्या फडक्याने घाम आणि मळ पुसायचा. मग कोरडे करून थोडा वेळ उन्हात किंवा गरम तव्याजवळ ठेवायचे, म्हणजे सांध्यातली ओल जाते. हत्यार कोमट असतानाच तेल लावायचे, ते फटींत उतरते. थर पातळ हवा. बोट फिरवले तर निसटते लागावे, ओघळ दिसू नये. जाड ओघळ धूळ धरतो आणि धूळ ओल धरते.

घरात हाताशी खोबरेल असते, पण ते २४ अंशांच्या खाली गोठते आणि जुने झाले की त्यात मेदाम्ले वाढतात. शेंगदाणा किंवा सोयाबीनचे तेल काही आठवड्यांत चिकट होते आणि पाना हाताला राळ लावल्यासारखा लागतो. शिलाई मशीनचे तेल स्वस्त आहे, सांध्यांत छान उतरते आणि रोजच्या वापराला पुरते. चार महिने न वापरायच्या हत्याराला मात्र ग्रीसचा पातळ हात बरा. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून बरेच जण वापरतात. ते वापरू नये, हे मी आग्रहाने सांगेन. इंजिनात जळणातून तयार झालेली आम्ले आणि पाणी त्यात उतरलेले असते, आणि सतत कातडीला लागणे आरोग्याला घातक असते.

डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा आता बहुतेक हार्डवेअरच्या दुकानांत दिसतो. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीत पाणी हटवणारे मिश्रण शोधताना चाळिसाव्या प्रयत्नात ते साधले, त्यावरून हे नाव. ॲटलस क्षेपणास्त्राचे कवच गंजू नये म्हणून ते वापरले गेले. पाणी हटवणे आणि जाम सांधा सोडवणे यांत ते उत्तम आहे. पण त्यातला मोठा भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर पावसाळा काढायला फार पातळ पडतो. फवारा मारून पेटी बंद करून निश्चिंत होणे ही अर्धीच तयारी.

सुताराची अडचण वेगळी. रंध्याच्या तळाला किंवा करवतीला तेल असेल तर ते लाकडात उतरते आणि त्यावर पॉलिश धरत नाही. तिथे मेण वापरावे. साधी मेणबत्ती घासून फडक्याने चोळली तरी चालते. रंधा सरकतोही हलका. आणि कानशीला तेल अजिबात नको. तेलाने लोखंडाचा कीस दातांत रुतून बसतो. फिटर काम सुरू करण्याआधी कानशीवर खडू फिरवतात. कीस दातांत अडकत नाही आणि खडू थोडी ओलही टिपतो. काम संपले की तारेच्या ब्रशने दात झाडून कानशी एकमेकींना न घासतील अशा वेगवेगळ्या ठेवाव्यात.

विळ्या-कोयत्याला, कुदळीला जवसाचे तेल उत्तम. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि पातळ कडक पापुद्रा धरते. बिडाच्या तव्याला तेल चोळून पुन्हापुन्हा तापवले की काळा चमकदार थर धरतो, ती क्रिया याच जातीची. विळीचे पाते रात्री कोरडे करून तेलाचे बोट फिरवणाऱ्या घरात ही विद्या आधीपासून आहे. एक धोका मात्र लक्षात ठेवायचा: जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर घट्ट होण्याच्या क्रियेतली उष्णता आत कोंडते आणि ते आपोआप पेट घेऊ शकते. फडके पसरून वाळवावे.

एमआयडीसीतून घासूनपुसून तयार झालेले सुटे भाग ज्या पिवळसर किंवा तपकिरी कागदात बांधून जातात, तो साधा कागद नसतो. व्हीसीआय कागद म्हणून तो ओळखला जातो. त्यात भरलेले रसायन हळूहळू वाफ होऊन धातूवर अदृश्य थर धरते आणि सेल चालू देत नाही. बंद डब्यात तो फार चांगले काम करतो, सतत उघड-झाक होणाऱ्या पेटीत वाफ निघून जाते. पटाशी वर्तमानपत्राऐवजी यात गुंडाळावी.

चौकट: मृगाआधीची एक दुपार

खंडेनवमीला आपण हत्यारे घासून पुजतो, पण तोपर्यंत पावसाळा आपले काम करून गेलेला असतो. सूर्य मृग नक्षत्रात जातो तो ७ जूनच्या सुमारास. त्याआधीच्या एका कोरड्या दुपारी पेटी उन्हात पूर्ण रिकामी करा. पेटीचा तळ झाडा, जुना कागद फेका. प्रत्येक हत्यार पुसून, तापवून त्याला तेल, मेण किंवा ग्रीस लावा. पेटी जमिनीवरून उचला आणि आम्लाच्या बाटल्यांपासून दूर न्या. सिलिका जेलच्या पुड्या टाकत असाल तर आधी मंद आचेवर तापवून त्यांतले पाणी काढा. भरलेली पुडी काही शोषत नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये पाऊस उघडलेल्या दिवशी पेटी एकदा उघडून पाहा.

चढलेला गंज उतरवताना

वरवरचा डाग बारीक एमरी पेपर आणि दोन थेंब तेलाने जातो. त्यापुढचा गंज आम्लाने सुटतो, आणि त्यासाठी सौम्य आम्लच हवे. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक आम्ल, किंवा साधा व्हिनेगर. हत्यार त्यात पूर्ण बुडवून तासा-दोन तासांनी काढून ब्रशने घासून पाहावे आणि गरज असेल तरच पुन्हा बुडवावे. रात्रभर विसरून गेलात तर आम्ल गंज संपवून पोलादाकडे वळते. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून धुवावे, लगेच कोरडे करून तापवून तेल लावावे. हे शेवटचे पाऊल पाच-दहा मिनिटे लांबले तरी उघड्या पोलादावर नवा पिवळसर गंज येतो. स्प्रिंग आणि कडक पात्याच्या करवती आम्लात फार वेळ ठेवू नयेत. अभिक्रियेत सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते.

संडास साफ करण्याचे आम्ल वापरून गंज दोन मिनिटांत उतरतो, हे खरे. पण त्यातले क्लोराइड बारीक छिद्रांत राहते आणि काही दिवसांत गंज आधीपेक्षा जोराने परत येतो.

जिथे घासून टाकणे शक्य नाही, तिथे हिरडा उपयोगी पडतो. सह्याद्रीतल्या हिरड्यात टॅनिन भरपूर असते. हिरड्याच्या कडक काढ्याने पुसले की गंजातले लोखंड टॅनिनशी जोडले जाऊन निळसर काळा, तुलनेने स्थिर थर बनतो. पूर्वी पोथ्यांसाठी हिरडा आणि लोहक्षार मिसळून शाई करत, तीच ही रसायनविद्या. पहारीला, जुन्या कुलपाला, कोयत्याच्या पाठीला हे चालते. धारेला नाही, कारण खड्डा तसाच राहतो आणि पटाशीच्या सपाट पाठीवर धारेजवळ खड्डा असेल तर धार कधीच सलग येत नाही. तिथपर्यंत दगडावर घासून मागे जाणे हाच उपाय.

धार आणि दांडा

धार लावताना होणारे नुकसान गंजाइतकेच मोठे असते, फक्त ते चटकन दिसत नाही. लोहार पात्याला पाणी देतो, म्हणजे लाल तापवून बुडवतो आणि मग बेताने पुन्हा तापवून ठिसूळपणा काढतो. बेंच ग्राइंडरवर पटाशी जोरात दाबली की धारेला निळा रंग येतो. तो रंग सुमारे ३०० अंशांना येतो, आणि साध्या कार्बन पोलादाच्या धारेत तेव्हा लोहाराने दिलेला कडकपणा बराचसा गेलेला असतो. ती पटाशी कितीही घासा, सागावर दोन हात मारले की बोथट. ग्राइंडरशेजारी पाण्याचा डबा ठेवून दर दोन-तीन सेकंदांनी धार बुडवावी, आणि शेवटची धार हाताने दगडावरच काढावी. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, काळ्या बेसॉल्टमध्ये उभे राहिले. तो दगड छिन्नीला किती खातो हे आजचा कोणताही पाथरवट सांगेल. घडवणाऱ्याइतकेच महत्त्व तिथे धार करून देणाऱ्याला होते, यात मला शंका वाटत नाही.

दांडा मे महिन्यात आकसतो आणि हातोडा हलू लागतो. तो पाण्यात बुडवून घट्ट करण्याची सवय सर्वत्र आहे. लाकूड फुगते, पण लोखंडाच्या भोकात दाबले जाऊन त्याचे तंतू चेपतात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला होतो, आणि भोकातले लोखंड आतून गंजते. पाचर बदलावी, आणि बाभळीच्या दांड्याला वर्षातून एकदा जवसाचे तेल पाजावे.

पुरात बुडालेली पेटी

२६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन तारखा बदलापूरकरांच्या लक्षात आहेत. दुसऱ्या वेळी वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. असे पाणी घरात शिरते तेव्हा हत्यारांचा विचार शेवटी येतो, ते योग्यच आहे. पण पाणी ओसरल्यावर त्यांच्यासाठी फार वेळ नसतो. बुडालेले हत्यार गाळासकट वाळू देऊ नका. गाळ वाळला की त्याच्याखाली हवा कमी पडते आणि इव्हान्सच्या थेंबासारखे खड्डे पडतात. लगेच तेल लावता येणार नसेल, तर तोपर्यंत ते स्वच्छ पाण्यात, चमचाभर धुण्याचा सोडा घालून बुडवून ठेवलेले बरे. सोड्याच्या क्षारीय पाण्यात लोखंड शांत राहते. वेळ मिळाल्यावर एकेक काढून धुवायचे, पाणी हटवणारा फवारा मारायचा, तापवायचे, तेल लावायचे. ॲल्युमिनियमचे भाग मात्र सोड्यात टाकू नका, ते खाल्ले जातात. विजेची हत्यारे, ड्रिल आणि ग्राइंडर, कारागिराने उघडून वाळवल्याशिवाय प्लगला लावू नयेत.

डाग वाचणे

खंडेनवमीला पूजेसाठी पेटी उघडाल तेव्हा घासायला बसण्याआधी डाग नीट पाहा, ते कारण सांगतात. बोटांच्या आकाराचे किंवा मुठीच्या जवळ साचलेले डाग असतील, तर ते घामाचे. हत्यार न पुसता ठेवले गेले. सर्व हत्यारांवर सारखाच बारीक लाल पडदा असेल, तर पेटीजवळ कुठे आम्ल किंवा ब्लीच आहे ते शोधा. फक्त खालच्या बाजूला, जिथे हत्यार पेटीच्या तळाला टेकते तिथेच गंज असेल, तर ओल खालून येते किंवा तळाच्या कागदाने पाणी धरले आहे. जाड, वजनदार हत्यारांवर गंज आणि पातळ पात्यांवर नाही, असे दिसले तर ते दवाचे काम. जाड लोखंडच सकाळी जास्त वेळ गार राहते. अशा पेटीला गॅलरीतून काढून घराच्या आतल्या भिंतीला लावा, जिथे दिवसरात्र तापमान फारसे बदलत नाही. आणि सांध्यांतच गंज असेल, वरचे सगळे स्वच्छ असेल, तर तेल लावण्याआधी हत्यार तापवून सांधा वाळवण्याची पायरी जूनमध्ये गाळली गेली होती.